लिडिया स्टेशनचा चार्ज

अमेरिकेहून परत आल्यापासून जो भेटतो तो नायगाराचंच विचारतो. पाहिला. पाणी भरपूर आहे, वरून खाली पडतं आणि बघणाऱ्यांची व्यवस्था उत्तम आहे. एवढ्यावर लोकांचं समाधान होत नाही, म्हणून मी लिडियाबद्दल सांगायला लागतो, तर ते बायकोकडे बघून विचारतात, ही कोण? लिडिया ही बाई नव्हे. नेब्रास्का राज्यातलं ते एक गाव आहे, वस्ती जेमतेम दोनशे. तिकडे आपल्यातलं कुणी मुद्दाम जाणार नाही, आणि मीही मुद्दाम गेलो नव्हतो. पण तीन महिन्यांच्या मुक्कामात जिथे मला पाहुण्यासारखं वाटलं नाही अशी ती एकच जागा, म्हणून हे लिहून ठेवतो.

माझी मुलगी केतकी शिकागोच्या बाहेर आयटीत होती. २००६ च्या सप्टेंबरात तिला डेन्व्हरला नवी नोकरी लागली. जावई सामान घेऊन आधीच गेला होता, बायको नाशिकला सुनेच्या बाळंतपणात अडकली होती आणि केतकीची मोटार तेवढी पोचवायची राहिली होती. हजार मैल, तीन दिवस. केतकी म्हणाली, तुम्ही विमानाने या, उगाच हाल होतील. मी छत्तीस वर्षं रेल्वेत स्टेशन मास्तर होतो, त्यातली शेवटची अकरा खानदेशातल्या एका जंक्शनवर. जमिनीवरून जायची सोय असताना हवेतून जाणं मला कधी पटलेलं नाही. मी पुढच्या सीटवर बसलो आणि विषय संपला.

शिकागो ते ओमाहा

निघण्याआधी शिकागोतल्या देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर जाऊन चिवडा, बाकरवडी आणि लोणच्याची बाटली घेतली. केतकीने आदल्या दिवशी तिखट-मिठाच्या पुऱ्या केल्या होत्या आणि लसणाची चटणी मी स्वतः कुटली होती. अमेरिकेतल्या मिक्सरवर माझा विश्वास नाही.

पहिल्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एकच, मका. सकाळी मका, दुपारी मका, चहाच्या वेळी मका. आपल्याकडे शेत म्हटलं की बांधावर कुणी तरी बसलेलं असतं, औताचा बैल असतो, झाडाला फडक्यात भाकरी बांधलेली असते. इथे दिवसभरात शेतात माणूस दिसला तो एकच, तोही यंत्राच्या काचेआड. एवढं कोण पेरतं आणि कोण खातं, असं मी विचारलं. केतकी म्हणाली, बरंचसं गुरं खातात. मग मी बाकरवडी काढली.

जुना रस्ता

दुसऱ्या दिवशी दहा-अकराच्या सुमारास हायवेपासून थोड्या अंतरावर मला रूळ दिसले. दुहेरी लाइन नव्हती, एकेरीच होती, पण खडी ताजी आणि रूळ चकचकीत, म्हणजे राबती लाइन. नकाशात पाहिलं तर तिच्या कडेकडेने एक जुना रस्ता डेन्व्हरपर्यंत जात होता. मी केतकीला म्हटलं, त्याने जाऊ.

"यार बाबा, त्याने दोन तास एक्स्ट्रा लागतील. आणि मध्ये काही नाहीये, सीरियसली, नथिंग."

"रूळ आहेत की," मी म्हटलं.

तिने गाडी वळवली. लहानपणी तिला स्टेशनच्या बाकावर झोपवून मी ड्यूटी केली आहे. त्याचा राग तिने कधी धरला नाही.

तो रस्ता मात्र बघण्यासारखा होता. मका संपला आणि गवत सुरू झालं. पिवळं, गुडघाभर गवत, वारा आला की सगळं एका दिशेला निजायचं. आभाळ इतकं मोठं की जमीन त्याच्या कडेला लावलेल्या पट्टीसारखी वाटत होती. आणि दर सात-आठ मैलांवर एक गाव, पण सगळी गावं एकाच साच्यातली. रुळाच्या कडेला धान्याचं उंच कोठार, समोर स्टेशनची जागा, तिथून काटकोनात निघणारी एक बाजारपेठ, आणि पेठेतली निम्मी दुकानं बंद. मी केतकीला म्हटलं, ही गावं वसलेली नाहीत, कुणी तरी कागदावर आखून ठेवली आहेत. तिला ते खरं वाटलं नाही. त्याच दिवशी खरं ठरलं, हे मला नमूद केलंच पाहिजे.

लिडियात शिरताना गाडीतून चर्र असा आवाज आला आणि धूर निघाला. पंपावरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून सांगितलं की आतला बेल्ट तुटला आहे, नवा चौदा मैलांवरच्या स्टॅन्विकहून उद्या सकाळी येईल. केतकीने कपाळाला हात लावला. मी पिशवी उचलून स्टेशन कुठे आहे ते विचारलं.

लिडिया

स्टेशनच्या आधी पोटाचं बघावं लागलं. गावात खाण्याची जागा एकच, मार्ज नावाच्या साठीच्या बाईचं कॅफे, आणि वरच्या दोन खोल्या मुक्कामाला द्यायचीही तीच. आम्ही मांस खात नाही हे केतकीने नीट समजावल्यावर मार्जने बटाट्याचं सूप आणलं, त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. ते मांसात धरत नाहीत, असं तिचं प्रामाणिक मत होतं. शेवटी तिने घेवड्याचा तिखट रस्सा वेगळा करून दिला आणि बरोबर दालचिनीचा गोड, साखरेने माखलेला पाव. रस्सा आणि गोड पाव इथे एकत्रच खातात, शाळेत मुलांनाही तसंच मिळतं म्हणे. केतकीने तोंड वाकडं केलं. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी ओरपणाऱ्यांनी असल्या गोष्टीला हसू नये. मी दोन पाव खाल्ले.

मी रेल्वेतला आहे कळताच मार्ज खुर्ची ओढून समोर बसली. तिच्याकडून गावाची जी हकिगत कळली ती अशी. इथे आधी रेल्वे आली, मग गाव. मोजणीदारांनी गवतात खुंट्या ठोकल्या, रेल्वेच्या कुणा साहेबाने आपल्या मुलीचं नाव दिलं, आणि मालाच्या डब्यात टेबल टाकून प्लॉट विकले. ती लिडिया स्वतः इकडे कधी फिरकली नाही. वाफेचं इंजिन एका दमात शंभरेक मैल जाणार, तिथे ते बदलायचं, ड्रायव्हर-गार्ड बदलायचे, कोळसा-पाणी भरायचं. ती बदलीची जागा लिडियाला आली आणि गाव फुगलं. लोको शेड, तीन हॉटेलं, दोन बँका, नाटकाचं थेटर, रात्रंदिवस चालणारी बेकरी. मग डिझेल आलं. डिझेलला ना पाणी लागे, ना इथे थांबायची गरज. आधी शेड गेली, मग माणसं, मग थेटर, पुढे पॅसेंजर बंद झाली, आणि शेवटी स्टेशनच बंद.

हे ऐकताना मला आमचं भुसावळ दिसत होतं. तिथेही वाफेची इंजिनं गेली तेव्हा लोक म्हणाले होते की आता इथे कुत्रं राहणार नाही. पण आपल्याकडे गाडी थांबायची बंद होत नाही. थांबा काढून तर बघा. दुसऱ्या दिवशी निवेदन, तिसऱ्या दिवशी खासदार, चौथ्या दिवशी पाचशे माणसं रुळावर. थांब्यासाठी रुळावर बसलेल्यांना चहा पाजून मी स्वतः उठवलेलं आहे. लिडियात मात्र दर तासाला कोळशाची मैलभर लांब गाडी धडाडत जात होती, गावाकडे न बघता. वाहतूक पूर्वीपेक्षा जास्त आणि गाव रिकामं, असा उलटा हिशेब मी प्रथमच पाहिला.

तेवढ्यात मार्जने खरी गोष्ट सांगितली. स्टेशनची लाकडी इमारत अजून उभी होती. रेल्वेचं पत्र आलं होतं की महिनाअखेर ती आमच्या जमिनीवरून हलवा, नाही तर पाडू. स्टॅन्विकच्या संग्रहालयाने ती अख्खी उचलून ट्रकवर नेण्याची तयारी केली होती. तिकडे घरंच्या घरं अशी हलवतात. ट्रक उद्या सकाळी नऊला येणार होता, आणि उद्या काम झालं नाही तर तो ट्रकवाला बर्फ पडेपर्यंत दुसरीकडे गुंतलेला. इमारत ती जपायला गावाने काढलेल्या मंडळाच्या नावावर होती आणि मंडळात सहीचा अधिकार असलेला माणूस एकच जिवंत होता, शेवटचा स्टेशन एजंट, म्हणजे तिकडचा स्टेशन मास्तर, एल्मर. वय चौऱ्याऐंशी. तो सही करत नव्हता.

"का?" मी विचारलं.

"स्टॅन्विकला द्यायचं म्हणून," मार्ज म्हणाली. "कोर्ट त्यांनी नेलं, शाळा त्यांनी नेली. आता स्टेशनही. पण तेवढंच नसावं. त्याची मुलगी फोर्ट मॉर्गनला असते, तुमच्या डेन्व्हरच्या वाटेवरच, दर नाताळला बोलावते. हा जाऊन त्याच दिवशी परत येतो. एक रात्र राहत नाही. गेली वीस-बावीस वर्षं."

स्टेशन

एल्मर मला प्लॅटफॉर्मवर सापडला. उंच, वाकलेला, निळा कोट, कानात यंत्र. मी माझी ओळख स्टेशन मास्तर, निवृत्त, अशी करून दिली. त्याने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि आत नेलं.

आत गेलो आणि मला घरी आल्यासारखं झालं. ते टेबल, दोन्ही बाजूंची लाइन दिसावी म्हणून भिंतीपुढे काढलेली ती खिडकी, भिंतीवरचं घड्याळ. तारयंत्राला आवाज मोठा यावा म्हणून तंबाखूचा पत्र्याचा डबा खोचलेला होता. आणि खिळ्याला एक वेताची कडी टांगली होती, लांब दांड्याची. मी ती ओळखली. धावत्या गाडीच्या ड्रायव्हरला हुकमाचा कागद द्यायची ती कडी. आमच्याकडे त्यातून पुढची लाइन मोकळी असल्याचं टोकन द्यायचे. कडी धरून रुळाजवळ उभं राहायचं, इंजिन अंगावर येतं, ड्रायव्हर त्यात हात घालून ओढून नेतो. नवख्याच्या दंडाला असा फटका बसतो की आठवडाभर जेवताना आठवण राहते. मी बाही वर करून माझा वण दाखवला. एल्मरने कोट काढला आणि त्याचा दाखवला. केतकी दारात उभी राहून आम्हा दोघांकडे बघत होती.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे बोललो. इमारत वाचते आहे तर सही करून टाकावी, स्टॅन्विक काही परदेश नव्हे, पाडलेल्या स्टेशनपेक्षा हलवलेलं स्टेशन केव्हाही बरं, वगैरे. हे सगळं खरंच होतं. रेल रोको का केला नाही, असंही मी विचारलं आणि तो काय असतो ते सांगितलं.

"आम्ही पत्रं लिहिली," एल्मर म्हणाला. "उत्तरं आली. फार सभ्य उत्तरं होती."

मग त्याने कोट घातला, आम्हाला बाहेर येऊ दिलं, दाराला कुलूप लावलं आणि घराकडे चालू लागला. केतकी म्हणाली, बाबा, हा आपला इश्यू नाहीये, त्यांचं त्यांना डिसाइड करू द्या ना. तिचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला जास्त लागलं. छत्तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो आहे की गाडी कुठून सुटेल. कुणी न विचारता सांगायची ती खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी

पहाटे उठायची सवय जात नाही. सहाला मी स्टेशनकडे गेलो तर दार उघडं होतं. एल्मर टेबलाशी बसून जाड वहीत काही लिहीत होता. नुकत्याच गेलेल्या गाडीची वेळ, दिशा, इंजिनाचा नंबर. माझ्या पाठीमागे फळी होती आणि फळीवर तशाच वह्या, एकीला लागून एक. मी टोकाची काढली. पहिल्या पानावर तारखेशेजारी शेरा होता, स्टेशन काल बंद झालं.

मी काल काय चूक केली ते मला त्या पानावर कळलं. पण यावेळी मी तोंड बंद ठेवलं आणि तो बोलेपर्यंत थांबलो.

"शेवटच्या दिवशी माझ्या जागी कुणी आलंच नाही," एल्मर म्हणाला. "पोस्टाने कागद आला, आजपासून एजन्सी बंद. किल्ली कुणाला द्यायची ते त्यात लिहिलं नव्हतं. मला कुणी रिलीव्ह केलं नाही."

रेल्वेत न राबलेल्या वाचकांसाठी सांगतो. ड्यूटीवरच्या माणसाला आपली वेळ संपली म्हणून उठता येत नाही. त्याच्या जागी येणारा रिलीव्हर येतो, सामान मोजून घेतो, वहीत सही करतो, तेव्हा आधीचा सुटतो. एकदा माझा रिलीव्हर मेहुणीच्या लग्नात अडकला आणि मी सलग बावीस तास खुर्चीत होतो. तेवढ्यानेच मी त्याला वर्षभर बोलत होतो. हा माणूस बावीस वर्षं खुर्चीत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी लपवलं नाही.

"एल्मर," मी म्हटलं, "मी आलोय. चार्ज द्या."

तो माझ्याकडे बघत राहिला. थट्टा करतोय का, हे तो तपासत असावा. मग त्याने टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला आणि कोटाचं वरचं बटण लावलं.

यादी मी लिहिली. आमच्या पद्धतीने, डावीकडे वस्तू, उजवीकडे नग, खाली देणार आणि घेणार. घड्याळ एक, चालू. तारयंत्र एक, डब्यासह. वेताच्या कड्या दोन. आग विझवायच्या बादल्या मी सवयीने लिहिल्या आणि शोधल्या. एकही नव्हती. एल्मर म्हणाला, त्या त्याच्या आधीच्या एजंटाच्या काळात गेल्या. मी शेरा मारला, पूर्वीपासून नाहीत. हातकंदील त्याने तीन सांगितले, मी दोन मोजले. तिसरा मार्जच्या कॅफेत प्लास्टिकची फुलं खोचून ठेवला होता. दोन असल्यावर तीन लिहायला मी तयार नव्हतो आणि दोन द्यायला तो तयार नव्हता. शेवटी मला शोधत आलेल्या केतकीला पिटाळलं. ती कंदील घेऊन आली, मागोमाग मार्जही आली.

"पण बाबा, तुम्हाला ऑथॉरिटी काय आहे?" केतकीने हळूच विचारलं.

"स्टेशन मास्तरला स्टेशन मास्तरच सोडवतो," मी म्हटलं. "दुसरी ऑथॉरिटी कुठे असते?"

आठ वाजून चाळीस मिनिटांनी एल्मरने सही केली, खाली मी केली, आणि त्याने किल्ली माझ्या हातात दिली. मी नोकरीत अकरा स्टेशनं पाहिली. लिडिया हे बारावं, आणि सर्वांत लहान पोस्टिंग, पाऊण तासाचं. त्या पाऊण तासात पश्चिमेकडून एक कोळशाची गाडी आली. एल्मर अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो, शेवटच्या डब्यापर्यंत गाडी नीट पाहिली, कुठे काही लोंबत नाही, धूर नाही, आणि आत येऊन वहीत नोंद केली. आपल्यासारखा मागे गार्डाचा डबा नसतो, कुणाला हिरवा झेंडा दाखवावा हा प्रश्न पडतो. तरी मी हात वर केला होता.

नऊ वाजून गेल्यावर ट्रक आला. बरोबर संग्रहालयाच्या जॅनेट नावाच्या बाई होत्या, हातात मंडळाचा कागद आणि चेहऱ्यावर भांडणाची तयारी. मी त्यांना सांगितलं की सध्या चार्ज माझ्याकडे आहे आणि यादीप्रमाणे मोजून घेतल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. त्या म्हणाल्या, सगळं इमारतीबरोबरच तर जाणार आहे, मोजायचं कशाला? मी म्हटलं, मॅडम, मोजून घ्या. मार्जने त्यांना डोळ्याने खूण केली. जॅनेटबाईंनी शहाण्यासारखं मोजलं, घड्याळापासून तिसऱ्या कंदिलापर्यंत, आणि सही केली. वह्यांची फळी बघितल्यावर त्यांचा आवाज खाली आला. या वह्या काचेत ठेवू का, असं त्यांनी एल्मरला विचारलं. तो म्हणाला, काचेत कशाला, टेबलावरच असू द्या. मग त्याने मंडळाच्या कागदावर न वाचताच सही केली.

जॅक लावायला माणसं इमारतीखाली शिरली. मार्ज म्हणाली, एल्मर, थांबून बघणार ना? त्याने मान हलवली. चार्ज दिलेल्याने स्टेशनात घुटमळायचं नसतं. हा नियम कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही, पण आम्हा दोघांना तो ठाऊक होता.

तेवढ्यात पंपावरून निरोप आला की बेल्ट बसला. आम्ही सामान गाडीत टाकत होतो तेव्हा एल्मर जवळ आला. हातात लहानशी बॅग होती. तुम्ही फोर्ट मॉर्गनवरून जाणार का, असं त्याने विचारलं. केतकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ मागचं दार उघडलं. मी म्हटलं, तिथे नाही, पुढे बसा. आठवड्याने येतो, असं तो मार्जला म्हणाला. मार्जने तोंडावर हात ठेवला आणि आत जाऊन त्याच्यासाठी दालचिनीचे चार पाव बांधून आणले.

मी मागच्या सीटवर, चिवड्याच्या पिशवीशेजारी बसलो. रस्ता रुळाच्या कडेनेच जात होता. गाव मागे पडून दहा मैल झाले नसतील, एल्मरची मान एका बाजूला कलली. केतकीने रेडिओ बंद केला. समोरून कोळशाची गाडी आली, अगदी जवळून, आणि फाटकापाशी इंजिनाने मोठी लांब शिटी दिली. आमच्या काचा थरथरल्या. एल्मर झोपून राहिला.